सगळ्यांना लेयर मॅश? पिल्लांना तरी नको

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर परसातल्या कोंबड्यांबद्दल एक मेसेज सारखा फिरतो. त्याचं म्हणणं असं: पिल्लं, तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्या), अंड्यावरच्या कोंबड्या आणि कोंबडा एकत्र असतील तर सरसकट लेयर मॅश, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य, घाला, त्यातल्या कॅल्शियमनं पिल्लांची हाडं भरतात, तलंगा लवकर अंड्यावर येतात. पाण्यात चुना टाका. अंड्याची टरफलं देऊ नका, अंडी फोडायची सवय लागते. आणि बुरशी धरलेला मका कोंबडीला पचतो. यातलं काहीच खरं नाही, आणि पहिल्या सल्ल्यानं तर पिल्लं मरतात.

वाढत्या पिल्लाला खाद्यात सुमारे १ टक्का कॅल्शियम पुरतं. लेयर मॅशमध्ये ते ३.५ ते ४ टक्के असतं, कारण तो अंडी घालणाऱ्या कोंबडीचा हिशोब आहे. हे जादा कॅल्शियम पिल्लाच्या हाडात जाऊन बसत नाही, मूत्रपिंडांना ते बाहेर टाकावं लागतं. ती बिघडली की युरिक आम्ल अंगात साचतं. असं मेलेलं पिल्लू उघडून बघा: हृदयावर, यकृतावर खडूची पूड भुरभुरल्यासारखा पांढरा थर असतो, मूत्रपिंडं सुजून फिकी पडलेली असतात. सगळीच पिल्लं लगेच मरत नाहीत, म्हणून 'आमच्याकडं तर काही झालं नाही' असं लोक खात्रीनं सांगतात. पुढं तलंग अंड्यावर येते, अंगावर ताण पडतो, आणि आतून अधू झालेली कोंबडी एक दिवस मरून पडते. बोल मात्र मानमोडी (राणीखेत) रोगाला लागतो.

लवकर अंड्यावर येण्याचं म्हणाल तर ते जात, वय, वजन आणि दिवसाचा उजेड यांवर ठरतं. कॅल्शियम घालून ते पुढं ओढता येत नाही.

'मग एका खुराड्यात चार तऱ्हेचं खाद्य कोण घालणार?' हा प्रश्न मात्र रास्त आहे. खाद्य एकच ठेवा, पण पिल्लाला सोसणारं. लहान पिल्लं असतील तर स्टार्टर, थोडी मोठी झाली की ग्रोअर, आणि तेच सगळ्यांना. कोंबड्याचंही त्यावर भागतं. एका अंड्याच्या कवचात साधारण २ ग्रॅम कॅल्शियम जातं. १ टक्क्याचं खाद्य १०० ग्रॅम खाऊन कोंबडीला जेमतेम १ ग्रॅम मिळतं. ही तूट शिंपल्यांनी भरायची. आपल्याकडं गोवा-कारवारहून तिसऱ्या येतात; खाऊन झाल्या की शिंपा धुऊन, वाळवून, जाडसर कुटून वेगळ्या वाटीत ठेवा. पीठ करू नका. खडे पोटात हळूहळू विरघळतात आणि कवच मुख्यतः रात्री तयार होतं, तेव्हा कामी येतात. संध्याकाळी त्या वाटीपाशी उभं राहून बघा, अंड्यावरच्या कोंबड्या तिथं आपणहून येतात. पिल्लं एखादी चोच मारतात आणि निघून जातात.

स्टार्टर घेताना पोत्यावरची चिठ्ठी वाचा. कन्नड वाचता येत नसेल तर दुकानदाराकडून वाचून घ्या, लाजू नका. रक्ती हगवणीवरचं औषध मिसळलेलं असेल आणि त्या कोंबड्यांची अंडी घरात खात असाल, तर बिनऔषधाचं मागा.

चुन्याचं पाणी याच कारणानं वाईट. वाटीतली शिंप ज्याला हवी तो खाईल. पाणी मात्र पिल्लालाही प्यावंच लागतं. शिवाय पानाला लावतो तो चुना तिखट क्षार आहे, पिण्याच्या भांड्यात त्याचं काही काम नाही.

टरफलं खुशाल द्या. तव्यावर कोरडी भाजून बारीक चुरली की कोंबडीला त्यात अंडं ओळखू येत नाही.

राहिला मका. आपल्या भागात काढणीच्या वेळी परतीचा पाऊस गाठतो आणि ओलसर कणसं पोत्यात जातात. त्यावरच्या बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन कोंबडीचं यकृत खातं, आणि पिल्लं त्याला आधी बळी पडतात. ते भाजल्यानं किंवा शिजवल्यानं भरवशानं जात नाही. वरची बुरशी झटकली तरी विष दाण्यात राहतं. शेंगदाण्याच्या पेंडीचंही तेच. असा माल गाई-म्हशींपुढंही टाकू नका, ते दुधात उतरतं.