टार्टन डे: सिनेटचा ठराव म्हणजे पुरावा नव्हे

एप्रिल उजाडला की एक पोस्ट हमखास फिरते. तिचा गोषवारा असा: अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा स्कॉटलंडच्या 1320 सालच्या आर्ब्रोथ जाहीरनाम्यावर बेतला आहे, त्यावर सह्या करणारे जवळपास निम्मे लोक स्कॉटिश वंशाचे होते, अमेरिकी काँग्रेसने कायदा करून हे एकमताने मान्य केलं आहे, म्हणजे दोन्हीकडची व्यक्तिस्वातंत्र्याची परंपरा एकच.

आधी ‘कायदा’ बघू. 20 मार्च 1998 रोजी मंजूर झाला तो सिनेटचा ठराव क्रमांक 155. मांडला सिनेटर ट्रेंट लॉट यांनी. 6 एप्रिल हा ‘नॅशनल टार्टन डे’ (टार्टन म्हणजे स्कॉटिश चौकडीचं कापड), एवढंच त्यात ठरलं. एका सभागृहाचा साधा ठराव दुसऱ्या सभागृहात जात नाही, राष्ट्राध्यक्षांच्या सहीलाही जात नाही आणि कायदा म्हणून कुणाला बांधतही नाही. प्रतिनिधिगृहाने तर असे ‘दिवस’ जाहीर करणारी विधेयकं मांडायलाच 1995 मध्ये बंदी घातली. म्हणून 2005 मध्ये तिथे टार्टन डेचा ठराव आला तो ‘असा दिवस असावा, असं सभागृहाला वाटतं’ या भाषेत. पळवाट झकास आहे!

‘एकमताने’ म्हणजे कुणी हरकत घेतली नाही, इतकंच. मतांची मोजणी झालीच नाही. आपल्याकडे अभिनंदनाचा ठराव आला की उठून पुरावे कोण मागतो?

आता मुख्य दावा. ‘त्यावर बेतला’ हे वाक्य ठरावाच्या प्रस्तावनेत खरंच आहे. पण अमेरिकेच्या जाहीरनाम्याचा मसुदा लिहिणारा थॉमस जेफरसन काय म्हणतो? 1825 मध्ये हेन्री ली यांना लिहिलेल्या पत्रात तो सांगतो की, हा मसुदा आधीच्या कुठल्याही विशिष्ट लिखाणावरून उतरवलेला नाही. प्रभाव म्हणून तो ॲरिस्टॉटल, सिसेरो, लॉक आणि सिडनी ही नावं घेतो. आर्ब्रोथ त्यात नाही. मसुद्याशी ताडून पाहता येतात अशी जवळची कागदपत्रंही व्हर्जिनियातली आहेत: जॉर्ज मेसनचा हक्कांचा जाहीरनामा आणि जेफरसनने स्वतः व्हर्जिनियाच्या घटनेसाठी लिहिलेली प्रस्तावना. उलट त्याच्या कच्च्या मसुद्यात इंग्लंडच्या राजाने आमच्यावर ‘स्कॉच (म्हणजे स्कॉटिश) आणि परदेशी भाडोत्री सैनिक’ पाठवले अशी तक्रार होती. त्यातला ‘स्कॉच’ काँग्रेसने काढून टाकला. पूर्वजांचे आभार मानण्याची ही पद्धत जरा वेगळीच म्हणायची.

आणि ते 1320 चं पत्र? हो, पत्रच ते. लॅटिनमध्ये, पोप बावीसावा जॉन याला लिहिलेलं. स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस 1314 मध्ये इंग्रजांविरुद्ध बॅनकबर्नची लढाई जिंकला होता, पण पोपच्या लेखी तो बहिष्कृत होता, राजा नव्हता. म्हणून 39 सरदारांच्या नावाने हा अर्ज गेला. ठराव म्हणतो, त्यावर सह्या झाल्या; प्रत्यक्षात खाली मोहरा लटकवल्या होत्या. ‘आमच्यातले शंभर जरी जिवंत असले तरी इंग्रजांची सत्ता मानणार नाही’ हे त्यातलं प्रसिद्ध वाक्य आजही अंगावर काटा आणतं. त्यातलं स्वातंत्र्य मात्र राज्याचं आहे. जमीन कसणाऱ्या कुळांना किंवा प्रत्येक माणसाला जन्मसिद्ध हक्क असतात, असं सरदारांनी कुठेही लिहिलेलं नाही. ब्रूसने कच खाल्ली तर त्याला हाकलून दुसरा राजा करू, हे कलम मात्र धीट आहे. पोस्ट लिहिणाऱ्यांनी त्यावर जोर दिला असता तर वाद घालायला मजा आली असती. अर्थात अनेक इतिहासकारांच्या मते त्याचाही तातडीचा हेतू आधीचा राजा बॅलिअल याला बाजूला सारून आलेल्या ब्रूसची गादी योग्य ठरवणं हाच होता.

‘निम्मे स्कॉटिश’ हा आकडाही ठरावातलाच. सह्या करणारे एकूण 56. त्यांपैकी स्कॉटलंडमध्ये जन्मलेले दोन: जॉन विदरस्पून आणि जेम्स विल्सन. वंश म्हणून किती मागच्या पिढ्या धरायच्या हे सांगितलंच नाही, तर आकडा हवा तसा ताणता येतो.

स्कॉटिश धागा हवाच असेल तर तो कॉलेजच्या वर्गात सापडतो. विल्यम अँड मेरी कॉलेजात जेफरसनला गणित आणि तत्त्वज्ञान शिकवणारा विल्यम स्मॉल स्कॉटिश होता. त्यानेच बहुधा माझ्या आयुष्याची दिशा ठरवली, असं जेफरसनने आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे. हा स्मॉल जन्मला कार्मायली गावी, अँगस परगण्यात. आर्ब्रोथही त्याच परगण्यात आहे.