अवलंबित, एक नग

माझ्या निळ्या कुर्त्यावर छातीपाशी एक चिकट चौकोन बसलाय. साबणानं घासला, तेल लावलं, नखानं खरवडला. हलत नाही.

परवा ह्यांच्या, म्हणजे माझ्या फौजी नवऱ्याच्या, लष्करी कॉलेजात ऐच्छिक विषयांची निवड होती. ‘सहकुटुंब यावे’ म्हणून गेले. दाराशी ह्यांना हुद्द्यासकट छापील नावाची पट्टी मिळाली. मला स्टिकर. त्यावर ‘अवलंबित’. खाली नावासाठी रेघ होती, पण तिथलं पेन संपलं होतं.

चौदा वर्षांत नऊ घरं मांडली मी, त्यातली सहा एकटीनं, कारण साहेब तेव्हा भलत्याच टोकाला ड्यूटीवर. आणि अवलंबित कोण? असो.

आत विषयवार टेबलं होती. ‘वाटाघाटी’समोर सगळ्यात मोठी रांग, आणि नंबर कुणाचा यावरून दोन मेजर हमरीतुमरीवर आलेले. मी मोकळं टेबल बघून टेकले. ते निघालं ‘लॉजिस्टिक्स’चं, म्हणजे रसद आणि वाहतुकीचं. मागे एक लेफ्टनंट कर्नल, सकाळपासून बोहनी न झालेल्या दुकानदाराच्या चेहऱ्यानं बसलेले.

“नेपोलियन १८१२ मध्ये रशियात शिरला,” त्यांनी नमस्कार-चमत्कार न करता सुरुवातच केली. “रसदीच्या गाड्या मागे राहिल्या. बर्फ पडायच्या कितीतरी आधी हजारो घोडे मेले. लोक उगाच थंडीला नावं ठेवतात.”

“आमचे पडद्यांचे दांडे मागे राहिले,” मी म्हटलं.

“अं?”

“खोका नंबर सतरा. तीन बदल्या झाल्या, अजून पोचतोय.”

कर्नल ताठ झाले. वही निघाली. “खोक्यांची यादी कुणाकडे होती?”

“माझ्याकडे.”

“दुसरी प्रत?”

“माझ्याच पर्समध्ये.”

“सिंगल पॉइंट फेल्युअर!” ते हर्षभरानं ओरडले. “म्हणजे तुम्ही! तुम्ही आजारी पडलात की सगळं कोलमडलं!”

“पडले होते. ताप अंगावर काढला.”

“राखीव क्षमता,” त्यांनी लिहून घेतलं. “नव्या घराच्या खिडक्यांची मापं?”

“आधी तिथं राहणाऱ्या बाईंना फोन करून विचारली.”

“गुप्तवार्ता!”

“चुकीची निघाली. त्यांनी न्हाणीघराची खिडकी मोजली होती.”

“गुप्तवार्तेचं असंच असतं,” ते इतक्या जिव्हाळ्यानं म्हणाले की क्षणभर मला त्यांचीच दया आली. मग आवाज खाली आणत म्हणाले, “हे वर्गात केस स्टडी म्हणून घेऊ? नाव अजिबात येणार नाही, निश्चिंत राहा.”

नाव येईल ही चिंता मला कधी होती? केस स्टडीचं शीर्षक मी उलट्या बाजूनं वाचलं: ‘एका अधिकाऱ्याचं स्थलांतर’.

ह्या कॉलेजांतून क्लाउझेवित्झ ह्या प्रशियन युद्धविचारवंताचा जप चालतो. तो १८३१ साली गेला तेव्हा त्याचं ‘युद्धाविषयी’ हे पुस्तक अर्धवटच पडलं होतं. कागद लावून १८३२ पासून ते छापून आणलं त्याच्या बायकोनं, मारीनं. तेही प्रस्तावनेच्या पहिल्याच वाक्यात, अशा विषयाला बाईनं प्रस्तावना लिहावी याचं लोकांना नवल वाटेल, अशी सारवासारव करून. त्याचं ‘घर्षण’ ह्यांना तोंडपाठ आहे: साधीसुधी गोष्टही लढाईत अवघड होऊन बसते. मारीचं नाव मी घेतलं तर हे म्हणाले, “कोण मारी?”

परतताना गाडीत मी विचारलं, काय घेतलंत? वाटाघाटी आणि लष्करी इतिहास. दोन्ही संध्याकाळचे. म्हणजे आठवड्यातले चार दिवस मुलांचा अभ्यास, जेवणं आणि धाकटीचं रडणं पुन्हा माझ्याकडे. आणि हेच वर्ष म्हणे ‘घरासाठी’ होतं. ह्या एका वाक्यावर मी नोकरी सोडून सामान बांधलं होतं.

“अगं, ऐच्छिक आहेत ते.”

“इच्छा कुणाची?”

ह्यावर त्यांनी गाडी बाजूला घेतली, घसा खाकरला आणि माहितीपत्रकातलं वाचावं तसे म्हणाले, “आधी तुझी भूमिका आणि तुझं हित, हे दोन वेगळं करू या.” अजून पहिला तासही झाला नव्हता.

घरी आल्यावर मी कुर्ता आणि तेलाची बाटली त्यांच्यासमोर ठेवली. म्हटलं, ही माझी भूमिका, हे माझं हित. पाऊण तास घासत बसले होते. चौकोन आता गोल झालाय, आणि दुप्पट.