टेकडीवरची फुलं आम्ही का उपटतो: एका काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

कॉसमॉस उपटण्याच्या कामाबद्दल मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. बाकीच्यांसाठी ती थोडक्यात सांगते. तुम्ही तीस वर्षं पुण्यातल्या वेताळ टेकडीवर फिरायला येता. पावसाळ्याच्या शेवटी उतार कॉसमॉसच्या केशरी फुलांनी भरून जातो, त्यावर फुलपाखरं येतात आणि आम्ही रविवारी येऊन नेमकी तीच झाडं मुळासकट उपटतो. त्यापेक्षा झाडं लावा, असं तुमचं म्हणणं. शिवाय हे काम महापालिकेचं. आम्ही ते फुकट करून प्रशासनाला मोकळं सोडतो आणि फोटो काढून घरी जातो.

फुलांपासून सुरुवात करते, कारण तुमचा जीव तिथे अडकलाय आणि माझाही.

कॉसमॉस मूळचं मेक्सिकोकडचं. बागेतलं शोभेचं झाड म्हणून ते आपल्याकडे आलं आणि बागेबाहेर पसरलं. पहिल्या पावसात उगवतं, ऑगस्ट-सप्टेंबरात फुलतं आणि थंडी पडेपर्यंत बी टाकून वाळून जातं. त्याचं एखादं बी तळहातावर घेऊन बघा. काळसर, लांबट, बारीक, टोकाला दोन आकडे, आणि त्या आकड्यांवर उलटे काटे. तुमच्या-माझ्या मोज्यांत, कुत्र्यांच्या केसांत ते अडकतं आणि पाऊलवाटेने पुढे जातं. म्हणून कॉसमॉसचा पट्टा आधी वाटेच्या कडेला दिसतो आणि मग उतारावर चढतो.

एकदा जम बसला की ते कमरेएवढं दाट वाढतं, खाली ऊन पोचत नाही. त्याखाली आधी काय उगवायचं, ते फुलांच्या फोटोत दिसत नाही. कुसळी आणि पवन्या गवत, तेरडा, कवला, काळी मुसळी, हबे आमरी. यातल्या बऱ्याच जणांचं वर्ष म्हणजे पावसाळ्याचे चार महिने. तेवढ्यातच उगवायचं, फुलायचं, बी धरायचं किंवा कंदात साठवण करायची. नेमके तेच महिने कॉसमॉस सावली धरून बसतं. दोन-चार पावसाळे असे गेले की जमिनीतलं जुनं बियाणं आणि कंद हळूहळू संपत जातात. ते नुकसान तुम्हाला वाटेवरून जाताना कळणार नाही.

फुलपाखरं कॉसमॉसवर येतात, हे तुमचं अगदी बरोबर. मध प्यायला येतात. पण अंडी कुठे घालतात ते बघा. गवतातून खालून खालून उडणारी ती लहान पिवळी फुलपाखरं टाकळ्यावर अंडी घालतात. नारिंगी पंखांचं, काळ्या-पांढऱ्या टोकांचं मोठं फुलपाखरू रुईवर. सुरवंटाला ठरावीक झाडाचाच पाला लागतो. टाकळा गेला तर मधाची फुलं कितीही असोत, पुढची पिढी कुठून येणार?

आता झाडं लावण्याबद्दल. काका, टेकडीचा माळ हा रिकामा प्लॉट नाही. मुरमावर वीतभर माती, खाली काळा कातळ, अशा ठिकाणी गवताळ माळ आणि विरळ झाडी हेच इथलं मूळ रूप. चंडोल, टिटवी, लावे जमिनीवरच घरटं करतात, त्यांना मोकळी जागाच लागते. इथली झाडं म्हणाल तर सालई, मोई, गणेरी, मेढशिंगी, पळस. टेकड्या लवकर हिरव्या दिसाव्यात म्हणून पूर्वी गिरिपुष्प लावलं गेलं. तेही मध्य अमेरिकेकडचं. भराभर वाढलं, टेकड्या हिरव्या दिसल्या, आणि आज त्या दाटीखाली इथलं रोप क्वचितच उभं राहतं. त्या काळी हेतू चांगलाच होता, मला त्यात शंका नाही. पण खड्डे खणून दिसेल ते रोप लावण्याचा परिणाम आपल्यासमोर उभा आहे, म्हणून मी कुदळीपेक्षा उपटणाऱ्या हातांवर जास्त विश्वास ठेवते.

आम्ही सरसकट काहीही उपटत नाही. नव्याने आलेल्यांना आधी फक्त ओळखायला लावतो. कॉसमॉसची पानं कातरलेली, समोरासमोर जोडीने. शेजारच्या गाजर गवताचीही पानं कातरलेलीच, पण कोवळं असताना ते जमिनीलगत चक्रासारखं पसरतं. तेरड्याचं पान साधं, कडेला दातेरी. ज्याला हे वेगळं ओळखता येत नाही, त्याने त्या दिवशी उपटायचं नाही, बघायचं. जुलैत माती ओली असते, बुंध्याशी धरून सरळ ओढलं की अख्खं मूळ हाती येतं. माती झटकायची आणि रोप दगडावर मुळं वर करून ठेवायचं, म्हणजे ते पुन्हा रुजत नाही. बी पिकलं की हात लावायचा नाही, कारण तेव्हा ओढाल तर आपणच पेरणी कराल. म्हणून फुलं बहरात असताना तुम्हाला आम्ही दिसलो, ते खरं तर उशिराचं काम होतं. बी धरायच्या आत राहिलेलं काढत होतो.

महापालिकेचा मुद्दा. टेकडीचा मोठा भाग वनखात्याकडे आहे, तुम्ही सकाळी ज्या फाटकातून येता तो भांबुर्डा वनविहारही त्यांचाच. तिथे आम्ही वनरक्षकांना विचारल्याशिवाय काडीही हलवत नाही. वणवा पसरू नये म्हणून जाळरेषा काढणं, राखण करणं, अतिक्रमण हटवणं ही सरकारी कामं आहेत, ती आम्ही करत नाही आणि करणारही नाही. वणवा दिसला तर 1926 या ‘हॅलो फॉरेस्ट’च्या क्रमांकावर फोन करतो आणि गाडी येईपर्यंत पाठपुरावा करतो.

आम्ही राबल्याने प्रशासन सुस्तावतं, हे मला पटत नाही. किती रोपं लावली, त्यातली किती जगली, हे माहितीच्या अधिकारात विचारायला कोण जातं? जो उन्हाळ्यात त्या वाळलेल्या रोपांजवळून जातो तो. टेकडीवरून काढायच्या बालभारती-पौड फाटा रस्त्याच्या विरोधात एप्रिल 2023 मध्ये पुणेकर मोर्चाने निघाले, त्यात मला ओळखीचे कितीतरी चेहरे दिसले, ते सगळे टेकडीवर घाम गाळणारे. कुठल्या उतारावर काय उगवतं हे हाताने माहीत असलेला माणूस नकाशावर रेघ ओढली गेली की लगेच उठतो. त्याला ‘तिथे नुसतं गवत आहे’ असं सांगून गप्प बसवता येत नाही.

फोटो काढतो, हो. त्याच जागेचा, त्याच महिन्यात, दर वर्षी. गवत परत येतंय का, हे कळायला दुसरा स्वस्त उपाय नाही.

आणि इथेच मला तुमची मदत हवी आहे. खाणीच्या तळ्याच्या बाजूचा उतार तुम्ही तीस वर्षं बघताय. तिथे कॉसमॉस पहिल्यांदा कधी दिसलं, त्याआधी काय फुलायचं, गवत किती उंच असायचं? जुने फोटो असतील, अगदी घरच्यांचे, मागे टेकडी आलेली असली तरी चालेल. ते इथेच खाली टाका, किंवा रविवारी सकाळी घेऊन या. आम्ही तळ्याजवळच असतो.