‘पूर ओसरला, आता विसरा’ या मेसेजला एका फॅमिली डॉक्टरचं उत्तर

पावसाळा तोंडावर आला की आमच्या नागपुरातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: पीटीएसडी (भयंकर प्रसंगानंतर मनात घर करून राहणारा आजार) हा लढाईवरच्या जवानांचा आजार, घरबसल्या माणसांना होत नाही. झालं-गेलं उकरू नये. फारच झालं तर झोपेची गोळी घ्यावी, पण मानसोपचाराच्या वाटेला जाऊ नये, ती औषधं जन्मभर सुटत नाहीत. माझ्या पेशंटनीच हा मेसेज मला पाठवला, म्हणून लिहितोय.

जवानांचा आजार? १९८० मध्ये अमेरिकेतल्या मनोविकारांच्या यादीत हे नाव आलं, त्यामागे व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांचे हाल होते, हे खरं. पण अपघात, बलात्कार, घरातली मारहाण, आयसीयूतले दिवस, पूर, यांतल्या कशानंतरही तो जडतो.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. पुढच्या पावसाळ्यात त्या भागातल्या एक काकू माझ्याकडे आल्या. छातीत धडधड. तिसरा ईसीजी नॉर्मल, थायरॉइड नॉर्मल. मी ॲसिडिटीची गोळी लिहायला घेतली होती. तेवढ्यात बाहेर टिनाच्या शेडवर सर आली आणि काकूंनी दोन्ही पाय फरशीवरून उचलून स्टुलाच्या दांडीवर ठेवले. त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

“काकू, त्या रात्री घरीच होत्या का?”

“होती ना जी. सासूबाईंना डायनिंग टेबलावर बसवलं, फ्रिज तरंगत होता.”

मग सगळं निघालं. खालच्या खोलीत त्या झोपतच नाहीत. तीनला जाग येते. तलावाकडचा रस्ता सोडलाय. नातवावर उगाच खेकसतात.

आमच्याकडे हा आजार असाच येतो: धडधड, डोकेदुखी, पोट, न उतरणारं बीपी. ‘भीती वाटते’ असं कोणी सांगत नाही, आम्हालाच विचारावं लागतं. प्रसंग नको असताना आठवतो का, स्वप्नात येतो का? ती जागा, तो विषय टाळता का? सतत सावध, दचकणं? माणसांपासून तुटल्यासारखं? स्वतःला दोष देणं? महिना उलटूनही हे चालूच असेल आणि कामाधामात अडथळा येत असेल, तर नीट तपासणी हवी. पहिल्या काही आठवड्यांत झोप उडणं स्वाभाविक आहे, बहुतेकांचं ते आपोआप निवळतं.

‘उकरू नये’ यात थोडं तथ्य आहे, तेही सांगतो. घटनेनंतर लगेच माणसाला बसवून सगळं वदवून घेण्याने फायदा दिसलेला नाही. पण ‘त्या रात्री काय झालं होतं?’ एवढं विचारून आजार होत नाही. उत्तर द्यायचं की नाही, किती द्यायचं, हे पेशंटवर सोडायचं.

झोपेच्या गोळीबद्दल मात्र मला मनापासून वाईट वाटतं, कारण कित्येक वर्षं मीही ती लिहिली. अल्प्राझोलाम या झोपेच्या गोळीने रात्र निघते, मूळ आजार तसाच राहतो आणि गोळीची सवय लागते. मार्गदर्शक सूचना पीटीएसडीसाठी ती देऊ नका असंच सांगतात. खरा उपचार म्हणजे आघातावर केंद्रित समुपदेशन, बहुधा आठ ते बारा बैठका. त्यात प्रशिक्षित माणसाच्या सोबतीने ती आठवण हळूहळू पेलायला शिकतात. गरज पडली तर सर्ट्रालीनसारखं नैराश्यावरचं औषध. त्याचं व्यसन लागत नाही. परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, बरं वाटल्यावरही काही काळ घ्यावं लागतं, मग डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करतात. एकदम बंद केल्याने होणाऱ्या त्रासालाच लोक ‘सुटत नाही’ म्हणतात.

काकूंना मी मेडिकलच्या (इथल्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या) मानसोपचार ओपीडीची चिठ्ठी दिली आणि दर पंधरा दिवसांनी माझ्याकडे बोलावलं. चिठ्ठी देऊन हात झटकले तर निम्मे पेशंट तिथे पोचतच नाहीत, हा माझा अनुभव. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर मात्र पंधरा दिवस थांबायचं नाही, त्याच दिवशी दाखवायचं. रात्रीबेरात्री टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन लावा, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.