लिनक्सवर म्हणे प्रिंटर चालत नाही!

सबमिशनचे दिवस आले की विंडोजऐवजी लिनक्स वापरणाऱ्यांसाठी कॉलेजच्या ग्रुपवर हा मेसेज हमखास फिरतो: 'लिनक्सवर प्रिंटर चालत नाही. ड्रायव्हर मिळत नाही, मिळालाच तर टर्मिनलमध्ये कमांड मारत बसा. प्रोजेक्ट छापायचाय तर गुपचूप विंडोज टाका.'

ड्रायव्हरचं, म्हणजे संगणक आणि प्रिंटरमधल्या दुभाष्या प्रोग्रामचं, आधी बघू. बहुतेक नव्या प्रिंटरना आता वेगळा ड्रायव्हर लागतच नाही. 2010 साली ॲपलनं फोनवरून थेट छापायला एअरप्रिंट आणलं. फोनमध्ये कंपनीची सीडी कोण घालणार? मग सगळ्या प्रिंटरना एकच पद्धत कळायला हवी, आणि ती लिनक्समध्ये छपाई सांभाळणाऱ्या 'कप्स' या प्रोग्रामला कळते. कप्स म्हणजे काही कुणाचा जुगाड नव्हे. मॅकवरही 2002 पासून छपाई तेच सांभाळतं. खोक्यावर 'एअरप्रिंट' छापलेलं असलं की निम्मी काळजी मिटली.

टर्मिनल? उबंटूत, म्हणजे लिनक्सच्या एका लोकप्रिय प्रकारात, सेटिंग्जमध्ये जा, प्रिंटर्स उघडा, जोडा. झालं. एचपीचे लेझरजेट 1020 किंवा पी1007 असे जुने गडी मात्र दरवेळी चालू केल्यावर संगणकाकडून फर्मवेअर, म्हणजे स्वतःला चालवणारा प्रोग्राम, मागतात. त्यासाठी एचपीचं लिनक्ससाठीचं सॉफ्टवेअर 'एचपीलिप' टाकून एकदा 'एचपी-सेटअप' चालवायचं आणि ते मागेल तो प्लगइन घेऊ द्यायचा. एवढ्यासाठी अख्खं विंडोज टाकायचं?

'वायफायवर प्रिंटर दिसतच नाही' ही तक्रार हॉस्टेलवर फार. तिथे बऱ्याचदा दोष नेटवर्कचा असतो. अनेक हॉस्टेलच्या वायफायवर एका उपकरणाला दुसरं दिसू नये अशीच सोय केलेली असते. तिथे विंडोजलाही प्रिंटर दिसणार नाही. यूएसबी केबल लावा, नाहीतर लॅपटॉप आणि प्रिंटर दोन्ही एकाच मोबाइल हॉटस्पॉटवर घ्या.

आणि कागदाचा आकार बघा हो! छपाईच्या सेटिंगमध्ये 'लेटर' आकार असेल तर ट्रेमध्ये एफोर असूनही काही प्रिंटर कागद मागत लुकलुकत बसतात. शिव्या मात्र लिनक्सला.

मेसेजमधलं एक खरं आहे. कॅनॉनचा एलबीपी2900 लिनक्सवर घाम काढतो. त्याचा 'कॅप्ट' नावाचा ड्रायव्हर जुना, जुन्या 32-बिट पद्धतीच्या लायब्रऱ्या (मदतीच्या फाइली) मागणारा, वर मागे एक वेगळा प्रोग्राम सतत चालू ठेवावा लागतो. सबमिशनच्या आदल्या रात्री त्याच्या नादी लागू नका. पीडीएफ करा, पेनड्राइव्हवर घ्या आणि झेरॉक्सवाल्याकडे जा. सेकंडहँड घेत असाल तर मॉडेल आधी 'ओपनप्रिंटिंग' या संकेतस्थळावरच्या, लिनक्सवर चालणाऱ्या प्रिंटरच्या यादीत शोधा, पैसे नंतर द्या.