जुने वाचक, त्या बर्फाबद्दल जरा बोलू

नमस्कार.

मुंबईतल्या तीन बारांना गुण देणाऱ्या 'कुलाबा ते लोअर परळ' या माझ्या लेखाखाली 'एक जुना वाचक' अशा सहीने आलेली प्रतिक्रिया बऱ्याच जणांनी वाचली असेल. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी त्यांचं म्हणणं थोडक्यात सांगते. कॉकटेलच्या एका ग्लासाला नऊशे रुपये मोजायचे आणि त्यात अर्धा ग्लास बर्फ, म्हणजे स्वतःहून लुबाडून घेणं आहे. एका संध्याकाळी तीन बार फिरल्यावर कुणाची जीभ शाबूत राहते, मग गुण कसले देता? किमती करासकट दिलेल्या नाहीत. हे सगळं नवं फॅड आहे, ओल्ड मंक आणि थम्सअपची सर या रंगीत पाण्याला नाही. आणि शेवटी, 'ताई, तुम्ही लिहिता छान, पण चांगल्या घरच्या बाईने असल्या विषयावर लेखणी झिजवावी याचं वाईट वाटलं. घरचे काही म्हणत नाहीत का?'

उत्तर द्यायचं नाही असंच ठरवलं होतं. पण पाहिलं तर या प्रतिक्रियेला भराभर अंगठे मिळत होते, आणि त्यातले काही अंगठे माझ्या चांगल्या ओळखीचे. म्हटलं, आता बोलायलाच हवं.

आधी सुराबद्दल. 'लिहिता छान, पण' ही आपल्याकडची जुनी रीत आहे. आधी पाठीवर हात, मग कानाखाली. टीका करायची तर सरळ करा, मला चालते, इथे रोज कुणी ना कुणी करतंच. पण 'चांगल्या घरच्या बाईने' हे टीकेत बसत नाही. हाच लेख माझ्या भावाने लिहिला असता तर 'दादा, घरचे काही म्हणत नाहीत का' असं विचारलं असतंत? मागे याच ब्लॉगवर एका पाहुण्या लेखकाने गोव्याच्या उर्राकवर लिहिलं होतं. काजूच्या बोंडांच्या रसाची पहिल्या धारेची दारू, लिम्का, मीठ, उभी चिरलेली हिरवी मिरची, सगळं अगदी साग्रसंगीत. त्याखाली याच सहीने 'झकास! तोंडाला पाणी सुटलं' अशी प्रतिक्रिया आहे. जाऊन बघा. मी बघून आले.

घरच्यांचं विचारलंत म्हणून सांगते. माझ्या बाबांची लालबागला परमिट रूम होती. १९८२ चा गिरणी संप सुरू झाला आणि गिऱ्हाईक तेच राहिलं, फक्त उधारीची वही जाड होत गेली. शाळेत असल्यापासून त्या वहीतल्या बेरजा मी केल्यात. पुढे हॉटेल मॅनेजमेंट शिकले आणि एका मोठ्या हॉटेलच्या बारमागे उभी राहिले, तेही बारमागे बाई दिसली की गिऱ्हाईक मॅनेजरला बोलवायचं अशा दिवसांत. मुंबईत शतभी बासू १९८० च्या दशकातच बारमागे उभ्या राहिल्या होत्या, म्हणून घरी वाद झाला की आम्हाला निदान एक नाव तरी पुढे करता यायचं. दिल्लीत तर दारू प्यायली जाते तिथे बायकांना कामावर ठेवायलाच कायद्याने बंदी होती. १९१४ च्या पंजाब अबकारी कायद्यातलं ते कलम, आणि त्याचा निकाल सुप्रीम कोर्टात लागायला २००७ साल उजाडलं. तेव्हा माझे घरचे काय म्हणतात याची काळजी नसावी. बाबांनी लेख वाचला. म्हणाले, 'ग्लास धुतात कसा ते लिहिलं नाहीस.' ही खरी टीका.

आणि विषय निघालाच आहे तर, महाराष्ट्रात प्यायला परवाना लागतो, १९४९ च्या दारूबंदी कायद्यापासून. माझ्याकडे आजन्म परवाना आहे. तुमच्याकडे? आपलं सहज विचारलं.

किमतींचं म्हणणं मात्र मान्य. करासकट द्यायला हव्या होत्या, कारण मेन्यूवरचा आकडा आणि बिलावरचा आकडा यांचं आता फारसं पटत नाही. दारू जीएसटीत येत नाही, राज्याचा व्हॅट लागतो, आणि बारमधल्या दारूवरचा हा व्हॅट नोव्हेंबर २०२३ मध्ये ५ वरून १० टक्के झाला. २०२५ मध्ये विदेशी धाटणीच्या दारूवरचं उत्पादन शुल्क उत्पादनखर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट केलं, आणि त्या जुलैत बारमालकांनी एक दिवस शटर खाली ठेवून बंद पाळला. नऊशेतले किती रुपये बर्फाचे आणि किती सरकारचे, हा हिशेब खरं तर तुम्हीच मांडायला हवा होता. तुम्हाला लुबाडणारा फक्त काउंटरमागेच दिसला.

आता 'अर्धा ग्लास बर्फ'. खरं सांगायचं तर या एका वाक्यासाठीच मी हे सगळं लिहायला बसले आहे.

बर्फावरचा हा संशय कुठून आला, ते मला तुमच्याहून जास्त माहीत आहे. बाबांचा वेटरला पहिला दंडक होता, गिऱ्हाइकासमोर आधी माप, मग बर्फ. कधीही उलटं नाही. मोकळ्या ग्लासात साठ मिली पडलेली त्याने स्वतःच्या डोळ्यांनी बघायची, मग चिमट्याने दोन खडे, मग 'पाणी की सोडा?' बर्फ आधी पडला की माणूस ग्लास ट्यूबलाइटकडे धरणार आणि 'माप मारलं' म्हणून टेबल डोक्यावर घेणार. बर्फाची लादी गोणपाटात गुंडाळून यायची, अंगाला भुसा चिकटलेला. नळाखाली धुऊन टोच्याने फोडायची. ते खडे मध्ये पांढरे, भेगाळलेले, कडांना आधीच पाणी सुटलेलं. ग्लासात पडले की बघता बघता निम्मे. तिथे जास्त बर्फ म्हणजे जास्त पाणी, हे खरंच होतं. तुमचा संशय तिथला आहे आणि तिथे तो रास्त होता. तोच संशय तसाच्या तसा उचलून लोअर परळच्या काउंटरवर ठेवलात, तर तिथे तो लागू पडत नाही.

ज्या ग्लासावरून तुम्ही चिडलात तो निग्रोनीचा. त्यात जिन ३० मिली, कँपारी नावाची कडू लाल लिकर ३०, गोड व्हर्मूथ, म्हणजे मसाले घातलेली वाइन, ३०. हे तिन्ही जिगर नावाच्या छोट्या मापाने मोजून आधी मिक्सिंग ग्लासात पडतं, बर्फावर ढवळलं जातं, आणि ढवळताना त्यात २०-२५ मिली पाणी उतरतं. म्हणजे तुमच्या पुढ्यातल्या ग्लासात येतं साधारण ११० ते ११५ मिली. त्यात पाच सेंटिमीटरचा चौकोनी ठोकळा ठेवला की तो एकटाच १२५ मिली जागा घेतो. तेव्हा 'अर्धा ग्लास बर्फ' हे निरीक्षण बरोबर आहे, अर्ध्याहून जास्तच म्हणा. पण त्या ठोकळ्याने मापातला एक थेंब खाल्लेला नाही. ठोकळा काढून टाका, ९० मिली ते ९० मिलीच राहणार. फक्त ग्लास रिकामा दिसेल आणि तुम्ही तेव्हाही लिहाल, 'नऊशे रुपयांत तळाशी एवढंसं.'

ते पाणीसुद्धा चोरून घातलेलं नसतं. बर्फ नुसता गार असतो म्हणून पेय गार होत नाही, तो वितळतो म्हणून होतं. एक ग्रॅम बर्फ वितळताना साधारण ८० कॅलरी उष्णता ओढून घेतो, आणि ती घेणार कुठून, शेजारच्या दारूतून. गारवा हवा तर पाणी येणारच, आणि ते यायलाच हवं. ढवळण्याआधीची निग्रोनी कधी चाखून बघा. कँपारीचा कडूपणा आणि व्हर्मूथचा गोडवा वेगवेगळे भांडत असतात, जिन घशाला चटका देते. पाणी शिरलं की संत्र्याच्या सालीचा वास वर येतो आणि भांडण मिटतं. चांगला बारटेंडर ढवळता ढवळता एक थेंब मनगटावर घेऊन चाखतो, तो नेमकं हेच बघत असतो, पाणी पुरेसं झालं का.

'मग दोनच खडे घाला ना' असं पुढे म्हणाल, म्हणून तेही सांगून टाकते. पंगतीला एकच वाढपी असला की त्याची जी गत होते ती त्या दोन खड्यांची होते. सगळं गार करायचं काम त्यांच्यावर, ते धावत सुटतात, विरघळून संपतात, आणि पेय ना धड गार राहतं ना दाट. बर्फ भरपूर असेल तर पेय चटकन गार होतं आणि मग वितळणं मंदावतं. घरी दोन ग्लास मांडून करून बघा, एकात दोन खडे, दुसरा काठोकाठ. ओल्ड मंकच घ्या हवी तर. पंधरा मिनिटांनी दोन्ही चाखा आणि मग मला सांगा कुठली पातळ झाली.

त्या संध्याकाळी लोअर परळच्या काउंटरवर मी बघत होते ते हे. बारमागच्या मुलाने फ्रीजरमधून ठोकळा काढला आणि लगेच ग्लासात टाकला नाही. फडक्यावर ठेवून दिला, मध्ये दुसऱ्या कुणाची ऑर्डर हलवून घेतली. ठोकळ्यावरचं दव उतरलं, अंग ओलसर आणि नितळ झालं, आतून पलीकडचा दिवा दिसायला लागला, तेव्हा तो उचलला. फ्रीजरमधला उणे १८ चा बर्फ थेट पेयात गेला की तडकतो, आणि तडकला की जास्त वेगाने पाणी सोडतो. हे त्याला कुणीतरी शिकवलंय, आणि त्याने मोडलेल्या कितीतरी ठोकळ्यांनीही शिकवलंय. हा बर्फ बनवतात तोही निगुतीने. साध्या ट्रेमध्ये पाणी चहूबाजूंनी गोठतं, हवा मध्ये कोंडते, म्हणून पोट पांढरं. बाजू आणि तळ बंदिस्त करून फक्त वरून गोठू दिलं की हवा खाली खाली ढकलली जाते, आणि शेवटचा ढगाळ थर कापून टाकता येतो. नितळ बर्फाने चव बदलते असा दावा मी करणार नाही, ते बरचसं नजरेचं सुख आहे. आकाराने मात्र फरक पडतो, आणि पैसे मी त्यासाठी मोजते.

शिवाय बर्फाला पैसे मोजणं या देशात कालचं नाही. १८३३ साली 'टस्कनी' नावाचं जहाज बोस्टनहून १८० टन बर्फ घेऊन कलकत्त्याला निघालं. चार महिन्यांच्या प्रवासात वितळून वितळून साधारण १०० टन पोचला, तरी लोकांनी तो हातोहात घेतला. लवकरच मुंबईतही अमेरिकेचा बर्फ आला. सर जमशेटजी जीजीभॉय यांनी जेवणावळीत आइस्क्रीम ठेवलं आणि यजमानांसकट पाहुण्यांना सर्दी झाली, असं सांगतात. बर्फाविरुद्ध तक्रारींची परंपरा मोठी आहे, तुम्ही एकटे नाही.

बाकी मुद्दे. नवं फॅड म्हणता, पण लेखाची सुरुवातच ताजच्या हार्बर बारपासून होती. १९३३ चा बार, मुंबईतला परवाना क्रमांक एक. तुमच्या-माझ्या जन्माआधीपासून लोक तिथे कॉकटेल पितायत. तो परिच्छेद वाचायचा राहिला असावा. ओल्ड मंकमध्ये थम्सअप घालून वर लिंबू पिळता ना? जगात कुठल्याही बारमध्ये ते कॉकटेल म्हणूनच मिळतं. तुम्ही आयुष्यभर कॉकटेलच पीत आलात, फक्त बिल कमी आलं.

तिसऱ्या ग्लासानंतरच्या जिभेचं म्हणाल तर ते माझं मी बघते. मी ग्लास संपवत नाही, मध्ये पाणी पिते, सवयीचा भाग आहे. हो, नऊशेचा ग्लास अर्धा टाकून उठते. त्यावरही एक प्रतिक्रिया येईल. मधल्या बारला दहापैकी चार दिले त्याला कारण होतं, आणि त्या बारचं नाव मी तेव्हाही लिहिलं नव्हतं. व्हर्मूथची उघडी बाटली शेल्फवर, गरम दिव्याखाली उभी होती. व्हर्मूथ म्हणजे शेवटी वाइन, उघडली की फ्रीजमध्ये गेली पाहिजे. तिचा बिघाड कळायला शाबूत जीभ लागत नाही, नाक पुरतं. याउपर माझे गुण पटत नसतील तर स्वतः जा, स्वतः द्या. बार कुणाच्या मालकीचे नाहीत, म्हणजे असतात, पण कळलं असेल.

तुमची प्रतिक्रिया जागच्या जागी आहे आणि राहील. तिच्याखाली कुणीतरी तुमचं वय काढून काहीबाही लिहिलं होतं, ते मी काढलंय. माझ्याकडे आलेल्या माणसाला दुसऱ्या कुणी तसं बोललेलं मला खपत नाही, मग आलेला माणूस मला काहीही बोललेला असो.

पुढचा लेख पुण्याच्या बारांवर आहे, किमती करासकट. कल्याणीनगरात गाडी कुठे लावायची असं दोघा-तिघांनी विचारलंय, त्याचंही उत्तर त्यातच देते.