श्वास रोखता आला म्हणून दमा जात नाही

गेल्या काही महिन्यांत एकच मेसेज माझ्याकडे निरनिराळ्या लोकांकडून आला, आणि पाठवणाऱ्यांत निम्मे तरी स्वतः दमेकरी होते. मजकूर थोडक्यात असा: दमा हा आजार नाही, चुकीच्या श्वासाची सवय आहे. रोज २० मिनिटं नाकाने सावकाश श्वास घ्या, श्वास रोखायचा सराव करा. ४० सेकंद रोखता आला की दमा गेला समजा. पंपाची सवय लागते, त्यातलं स्टेरॉइड शरीर पोखरतं, म्हणून तो बंद करत आणा. अटॅक आला तर आधी श्वासावर ताबा मिळवा, पंप अगदी शेवटी. आणि दमेकऱ्याने धाप लागेल असं काही करू नये, हलकं चालणं पुरे.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. दमा असलेल्यांना श्वसनाचे व्यायाम शिकवणं हे माझं रोजचं काम, म्हणजे खरं तर या मेसेजच्या बाजूने मी बोलायला हवं. पण ज्या व्यायामांनी लोकांना बरं वाटताना मी रोज बघते, त्यांच्या नावावर औषध सोडायला सांगितलं जातंय, आणि हे मला सहन होत नाही.

‘दमा म्हणजे चुकीच्या श्वासाची सवय.’ दम्यात श्वासनलिकांच्या आतल्या अस्तराला सूज असते, त्रास होत नसतो तेव्हाही. अशी सुजलेली नलिका चिडकी होते. धूळ, धूर, सर्दी, थंड हवा, काहीही निमित्त पुरतं आणि तिच्याभोवतीचे स्नायू आवळतात, आत चिकट कफ साठतो, वाट अरुंद होते. ही सूज श्वास चुकीचा घेतल्यामुळे येत नाही.

या दाव्याला इतिहास मात्र आहे. १९५०च्या दशकात सोव्हिएत डॉक्टर कॉन्स्टँटिन बुटेको यांनी मांडलं की दमेकरी गरजेपेक्षा जास्त हवा आत-बाहेर करतात, त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो आणि नलिका आवळतात. दम्याचं मूळ म्हणून ही कल्पना टिकली नाही, पण तिच्यातलं निरीक्षण पोकळ नव्हतं. दम्यावर उपचार घेणाऱ्या प्रौढांची ब्रिटनमधली एक पाहणी २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतल्या २९ टक्के लोकांत श्वासाची घडीच बिघडल्याची लक्षणं होती. छातीच्या वरच्या भागातून भराभर श्वास, मध्येच उसासे, हातापायांना मुंग्या. दमा आटोक्यात असूनही यांना दम लागतो, आणि त्यांना श्वसनाचे व्यायाम खरंच लागू पडतात.

किती लागू पडतात? ब्रिटनमधल्याच ६५५ दमेकऱ्यांवरचा एक अभ्यास २०१८ मध्ये आला. काहींना फिजिओथेरपिस्टने समोर बसवून व्यायाम शिकवले, काहींना डीव्हीडी आणि पुस्तिका दिली, काहींचे फक्त नेहमीचे उपचार चालू ठेवले. वर्षभराने व्यायाम शिकलेल्या दोन्ही गटांचं रोजचं जगणं सुधारलं होतं. फुंकर मारून मोजलेली फुप्फुसांची क्षमता आणि नलिकांमधली सूज यांत मात्र फरक पडला नव्हता. माझा अनुभवही हाच आहे: जिना चढताना भीती कमी होते, रात्री छाती भरल्यासारखी वाटली तर माणूस घाबरून जात नाही. मी जे शिकवते त्याने श्वास सुधारतो. सूज उतरवायला औषधच लागतं.

‘४० सेकंद श्वास रोखता आला की दमा गेला.’ श्वास किती वेळ रोखता येईल हे मुख्यतः वाढत्या कार्बन डायऑक्साइडची तगमग मेंदू किती सोसतो यावर ठरतं. सरावाने ही सहनशक्ती वाढते; एका श्वासात पाण्यात खोल उतरणारे पाणबुडे ती कमावतातच. नलिका किती उघड्या आहेत हे त्यावरून कळत नाही. ते कळायला पीक फ्लो मीटर आहे: जोरात फुंकायचं, आणि आकडा आपल्याच सर्वोत्तम आकड्याशी ताडून बघायचा. तो ८० टक्क्यांखाली घसरला की सावध व्हायचं, ५० टक्क्यांखाली गेला तर ती तातडीची वेळ. मीटर नसेल तर गेल्या चार आठवड्यांचा हिशेब मांडा. दिवसा त्रास आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा झाला का? रात्री दम्याने जाग आली का? आरामाचा, म्हणजे त्रास होताना घ्यायचा पंप आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा लागला का? त्रासामुळे एखादं काम सोडावं लागलं का? एकाचंही उत्तर ‘हो’ असेल तर दमा पूर्ण आटोक्यात नाही, मग श्वास दोन मिनिटं का रोखता येईना.

‘पंपाची सवय लागते.’ इथे दोन वेगळ्या पंपांचा घोळ आहे. एक आरामाचा, साल्ब्युटामॉलसारखा, आवळलेले स्नायू काही मिनिटांत सैल करणारा. दुसरा रोजचा, सूज उतरवणारा, स्टेरॉइडचा. आरामाचा पंप वरचेवर लागायला लागला की लोक म्हणतात, सवय लागली. तसं नसतं. सूज वाढत चालली आहे, हे त्यावरून ओळखायचं. ब्रिटनमध्ये दम्याने झालेल्या १९५ मृत्यूंचा सखोल आढावा २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांत आरामाचा पंप वापरणाऱ्या ज्यांच्या नोंदी मिळाल्या, त्यांतल्या ३९ टक्के लोकांना शेवटच्या वर्षात असे १२ पेक्षा जास्त पंप लिहून दिलेले होते. नुसत्या आरामाच्या पंपावर राहू नका, असं २०१९ पासून दम्याची जागतिक मार्गदर्शक तत्त्वंही सांगतात. उलट, रोजच्या पंपाबद्दल कॅनडातल्या नोंदींवरून २००० साली दिसलं की वर्षभरात वापरलेल्या प्रत्येक जादा पंपामागे दम्याने मरण्याचं प्रमाण २१ टक्क्यांनी घटत होतं. मेसेज नेमका हा पंप सोडायला सांगतो.

स्टेरॉइडची भीती मी उडवून लावणार नाही, कारण ती घेऊन येणारे बहुतेक आईबाप असतात. पंपाने तोंडात पांढरी बुरशी येऊ शकते, आवाज बसू शकतो. स्पेसर (पंप आणि तोंड यांच्यामध्ये लावायची पोकळ नळी) वापरला आणि नंतर चूळ भरली तर हे बरंच टळतं. मुलांच्या उंचीवर परिणाम होतो का? थोडा होतो. लहानपणी काही वर्षं बुडेसोनाइड हे पंपातलं स्टेरॉइड घेतलेल्यांची मोठेपणीची उंची औषधाविना पंप मिळालेल्यांपेक्षा सरासरी १.२ सेंटिमीटरने कमी भरली, असं २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाठपुराव्यात दिसलं. आता दुसरी बाजू बघा. पंपातून रोज २०० मायक्रोग्रॅम घेतले तर वर्षाचे ७३ मिलिग्रॅम होतात. पंप सोडला आणि मोठा अटॅक आला, तर प्रौढाला पोटातून द्यायच्या स्टेरॉइडचा पाच दिवसांचा एक कोर्सच साधारण २०० मिलिग्रॅमचा असतो, आणि तो साऱ्या शरीरभर फिरतो. औषधं वेगळी असल्यामुळे ही तुलना ढोबळ आहे. तरी ज्याला स्टेरॉइड टाळायचंय, त्याने पंप सोडू नये.

आता मला सगळ्यांत जास्त धास्ती वाटते ते वाक्य: ‘अटॅक आला तर आधी श्वास, पंप शेवटी.’ अटॅकमध्ये हवा आत जाण्यापेक्षा बाहेर पडणं जास्त अवघड असतं. आधीचा श्वास पुरता सुटत नाही तोवर पुढचा घ्यावा लागतो, हवा आत कोंडत जाते, छाती फुगलेली राहते. अशा वेळी ‘खोल श्वास घे’ म्हणणं म्हणजे भरलेल्या पिशवीत आणखी कोंबणं. भराभर जोराने श्वास सोडल्याने अरुंद नलिका आणखी दबतात. आणि श्वास रोखणं ही तर ज्याला हवा पुरत नाही त्याच्याकडे करायची मागणीच नव्हे.

अटॅकमध्ये ताठ बसायचं, आडवं व्हायचं नाही. आरामाचा पंप, शक्यतो स्पेसरमधून, एक-एक मात्रा, मध्ये ३० ते ६० सेकंद, गरज पडली तर दहापर्यंत. (डॉक्टरांनी वेगळ्या पंपाचं वेगळं वेळापत्रक लिहून दिलं असेल तर ते पाळा.) औषध काम करेपर्यंत खांदे सैल सोडून, ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडत राहा. हे मीच शिकवते, आणि पंप घेतल्यानंतर शिकवते. आराम पडला नाही, वाक्य पुरं बोलता येईना, ओठ निळसर दिसले, माणूस गळून गेला, तर लगेच रुग्णवाहिका बोलवा, आणि ती येईपर्यंत पंप चालू ठेवा. एक गोष्ट घरच्यांनी पक्की लक्षात ठेवावी: छातीतली घरघर थांबली पण माणूस अजून धडपडतोय, तर तो बरा होत नाहीये. आवाज व्हायला लागते तेवढीही हवा आता आत-बाहेर होत नाहीये. वर सांगितलेल्या १९५ जणांपैकी ४५ टक्के जण मदत न मागताच किंवा मदत पोचण्याआधीच गेले होते.

राहिला शेवटचा दावा, धाप न लागू देण्याचा. व्यायामाने काहींच्या नलिका आवळतात हे खरं आहे. जोरात श्वास घेताना आतलं अस्तर कोरडं पडतं, आणि त्रास बहुधा थांबल्यावर पाच-दहा मिनिटांनी टोकाला जातो. म्हणून १०-१५ मिनिटं अंग तापवून सुरुवात करायची, थंड कोरड्या हवेत नाकातोंडावर कापड घ्यायचं, डॉक्टरांनी सांगितलं असेल तर आधी पंप घ्यायचा, शेवटी एकदम थांबायचं नाही. सुरुवात हलक्या चालण्याने करणं उत्तमच. पण मुक्काम तिथेच का? धाप टाळत बसलेल्या माणसाचे स्नायू ढिले पडतात, मग थोड्या श्रमानेही धाप लागते, आणि तो दमा वाढला असं समजून आणखी बसून राहतो. हे चक्र तोडताना मला सर्वांत जास्त वेळ लागतो. ब्रिटिश धावपटू पॉला रॅडक्लिफला किशोरवयापासून दमा आहे. २००३ मध्ये तिने लंडनची मॅरेथॉन २ तास १५ मिनिटं २५ सेकंदांत पुरी केली आणि तो महिलांचा विश्वविक्रम २०१९ पर्यंत टिकला. ती पंप वापरत होती.

औषध कधीच कमी होत नाही का, असं मला पुष्कळदा विचारतात. होतं. सुमारे तीन महिने दमा पूर्ण आटोक्यात राहिला की डॉक्टर रोजचा डोस पाव ते अर्ध्याने उतरवून बघतात, मध्ये पीक फ्लो मोजतात, आणि त्रास डोकावला तर पुन्हा वाढवतात. सर्दीखोकल्याच्या दिवसांत किंवा प्रवासाच्या तोंडावर हे सुरू करत नाहीत. श्वसनाचे व्यायाम या सगळ्या काळात चालूच ठेवायचे असतात.